हिवाळ्याच्या पावसात महाराष्ट्राचा रकाना कुठे आहे? हवामान विभागाला खुलं पत्र

प्रति,
महासंचालक, भारतीय हवामान विभाग, नवी दिल्ली;
तसंच विभागाच्या पुण्यातल्या शिमला ऑफिसमधले, पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले आणि गोव्यात वास्कोला बसून ध्रुवांचा अभ्यास करणारे सर्व शास्त्रज्ञ.

सप्रेम नमस्कार.

मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. पत्र लांबणार आहे, म्हणून मागणी आधीच सांगून टाकतो. नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांत महाराष्ट्रात पावसाचा धोका किती, याचा वेगळा अंदाज दर वर्षी सप्टेंबरअखेर मराठीत मिळावा. त्या अंदाजावर किती विसंबायचं, हेही त्याच कागदावर असावं. विसंबण्यासारखं काही नसेल तर तसं स्वच्छ लिहावं. तेवढंही चालेल.

आज काय होतं? ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसाचा अंदाज तुम्ही दक्षिणेसाठी देता: तमिळनाडू, केरळ, किनारी आंध्र, रायलसीमा, दक्षिण अंतर्गत कर्नाटक. जानेवारी ते मार्चचा देता तो उत्तर भारतासाठी. दोन्ही रास्तच आहे. तमिळनाडूची वर्षभराची तहान त्या तीन महिन्यांवर भागते, आणि पंजाब-हरियाणाचा गहू, काश्मीर-हिमाचलचा बर्फ जानेवारी-फेब्रुवारीच्या भरवशावर असतो. आम्ही मात्र दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात. परतीचा पाऊस गेला की कागदोपत्री आमचा पाऊस संपला, तो पुन्हा वळवाच्या वेळी चर्चेत यायचा. मधे जे काही पडतं त्याचे पंचनामे होतात, मंत्री बांधावर येतात, आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत सगळं गार.

देशाचा रंगीत नकाशा तुम्ही दर महिन्याला काढता आणि त्यात आमच्या डोक्यावरही कधी निळा, कधी पिवळा रंग असतो, हे मला ठाऊक आहे. पण तो रंग महिन्याच्या एकूण पावसाबद्दल बोलतो: सरासरीपेक्षा जास्त, सरासरीइतका की कमी. नाशिककडे डिसेंबर-जानेवारीची सरासरी इतकी किरकोळ, की एका संध्याकाळच्या सरीने ती दुप्पट-तिप्पट होते आणि कितीतरी वर्षी महिना कोरडाच जातो. अशा ठिकाणी टक्केवारीला काय अर्थ उरतो? मिलिमीटरशी आमचं फारसं देणंघेणं नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे: बाग फुलोऱ्यात असताना पान सलग ओलं राहील असे दोन-तीन दिवस येण्याची शक्यता यंदा नेहमीपेक्षा जास्त आहे की नाही?

दिल्लीत हे पत्र वाचणाऱ्यांसाठी थोडं बागेतलं सांगतो. आमच्याकडे गोडी छाटणी, म्हणजे घड धरण्यासाठीची, सप्टेंबरअखेर सुरू होते आणि ऑक्टोबरभर चालते. सटाणा-देवळ्याकडचे अर्लीवाले त्याच्या कितीतरी आधी कात्री लावतात. छाटणीनंतर पोंगा, म्हणजे कोवळा कोंब, फुटतो, घड दिसू लागतात, आणि सव्वा-दीड महिन्यात बाग फुलोऱ्यात येते. म्हणजे नोव्हेंबर. या दिवसांत दोन दिवस आभाळ, रात्री भुरभुर आणि सकाळी उन्हाऐवजी धुकं, एवढं झालं तरी पुरतं. आधी पानावर पिवळट, तेलकट डाग येतो. पान उलटून पाहिलं तर खाली पांढरी लव. हा डाऊनी, म्हणजे केवडा रोग. पानावर असेतो फवारणीने आवरतो; घडात शिरला की फुलं तपकिरी पडतात, बोट लावलं की गळतात, आणि त्या घडाचा त्या वर्षीचा हिशेब तिथेच मिटतो. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत, मण्यात साखर भरल्यावर, तोच पाऊस वेगळं काम करतो. मणी पाणी ओढतो, साल ताणते, तडकते. एका घडातले चार मणी तडकले की त्यांच्या रसाने बाकीचा घड कुजायला लागतो. माल युरोपला जाणार असेल तर त्या टप्प्यावर औषधही मारता येत नाही, कारण उर्वरित अंशाची मर्यादा कडक.

पर्जन्यमापकाला विचाराल तर पाच-सात मिलिमीटर. तुमच्या वहीत 'हलका पाऊस'.

हरभऱ्याचं, काढणीला आलेल्या लाल कांद्याचं, कोकणातल्या आंब्याच्या मोहराचं दुखणं थोड्याफार फरकाने असंच. पण मी द्राक्षाचंच बोलतो, कारण तेच मला आतून माहीत आहे.

आता समुद्राकडे येतो. हिवाळ्यात पाऊस आमच्यापर्यंत दोन वाटांनी पोचतो. पहिली वाट वरून, वायव्येकडून. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला धावणारा वाऱ्यांचा झोत हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिणेला सरकतो. भूमध्य समुद्र, काळा समुद्र, कॅस्पियन या बाजूने निघालेले पश्चिमी विक्षोभ याच झोताबरोबर येतात आणि एरवी काश्मीर-हिमाचलवर बरसून पुढे निघून जातात. कधीकधी मात्र त्यांच्यासोबतची वरच्या हवेतली द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, खोल दक्षिणेला, पार मराठवाड्यापर्यंत उतरते. नुसती द्रोणी आली तर गार वारा आणि चार ढग. त्याच वेळी अरबी समुद्र किंवा बंगालचा उपसागर खालून दमट हवा पुरवत असेल, तर गारा. दुसरी वाट थेट अरबी समुद्राची: ऑक्टोबर ते डिसेंबरात तिथे तयार होणारी कमी दाबाची क्षेत्रं आणि वादळं. २००९च्या नोव्हेंबरात 'फयान' अलिबाग आणि मुंबईच्या मधे किनाऱ्यावर चढलं. २०१७ साली 'ओखी'ने मुंबईकरांना डिसेंबरात छत्र्या शोधायला लावल्या.

दोन्ही वाटांवर महासागरांचा हात आहे, आणि ही गोष्ट तुमच्याच माणसांनी मांडलेली आहे. आर. के. यादव, के. रूपा कुमार आणि एम. राजीवन यांनी २००९ साली दाखवून दिलं, की वायव्य भारताच्या हिवाळी पावसावर पूर्वी उत्तर अटलांटिकवरच्या हवेच्या दाबाच्या हेलकाव्याचा पगडा जास्त होता. अलीकडच्या दशकांत तो ओसरला आणि प्रशांत महासागरातल्या एल निनो-ला निनाचा, म्हणजे तिथलं पाणी तापण्या-निवण्याचा, वाढला. एल निनोच्या हिवाळ्यात वरचा झोत जोर धरतो, विक्षोभांना बळ मिळतं, उत्तरेत पाऊस-बर्फ जास्त होतो. ला निनात उलट. हे झालं सरासरीचं. आता २०२३-२४चा हिवाळा घ्या. एल निनो चांगला दणकट होता, आणि तरीही जानेवारीचा मध्य उलटून गेला तरी गुलमर्गचे उतार उघडे होते. स्कीइंगला गेलेली माणसं वाळल्या गवताचे फोटो काढून परतत होती. म्हणून एल निनोचा संबंध खोटा ठरत नाही. तो बहुतेक वेळा लागू पडतो, दर वेळी नाही, एवढंच. पण हे 'एवढंच' शेतकऱ्याला कुणी सांगत नाही.

महाराष्ट्रात तर हा धागा आणखी पातळ होतो. आमच्या पट्ट्यात कुणालाही विचारा, हिवाळ्याने बुडवलेले हंगाम कोणते, तर चार वर्षं लगेच पुढे येतात.

२०१४चा फेब्रुवारी-मार्च. मराठवाडा, विदर्भ, मध्य महाराष्ट्र, सगळीकडे पंधरा-पंधरा दिवस गारपीट होत राहिली. उभा गहू आडवा झाला, मोसंबीच्या बागा सोलवटल्या. प्रशांत महासागर तेव्हा तटस्थ होता. ना एल निनो, ना ला निना.

२०१९चा ऑक्टोबर-नोव्हेंबर. अरबी समुद्रात 'क्यार' आणि 'महा' ही दोन वादळं एकाच वेळी फिरत होती. दोन्ही आमच्यापासून दूर, पण बाष्प इकडे ढकलत राहिली. छाटलेल्या बागा पाण्यात उभ्या, ट्रॅक्टर आत जाईना म्हणून फवारणी होईना. त्या वर्षी प्रशांतात विशेष काही नव्हतं. खेळ होता हिंदी महासागराचा. त्याची पश्चिमेची बाजू तापलेली आणि इंडोनेशियाकडची गार, म्हणजे ज्याला तुम्ही द्विध्रुवाची धन अवस्था म्हणता, ती त्या साली नोंदींतल्या सर्वांत तीव्र अवस्थांपैकी एक होती. अरबी समुद्रात वर्षभरात पाच चक्रीवादळं झाली.

२०२१चा डिसेंबर. पहिल्या दोन दिवसांत मुंबईपासून नाशिक-पुण्यापर्यंत संततधार. वर थंड वारा. पुणे आणि नगर जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात उघड्यावर बसवलेल्या मेंढ्यांचे कळप गारठून मेले. प्रशांतात ला निना होती, २०२० ते २०२३ अशी सलग तीन हिवाळे टिकलेली.

आणि २०२३चा नोव्हेंबर. २६ तारखेला निफाडसह नाशिकच्या मोठ्या पट्ट्यात गारा. प्रशांतात एल निनो, हिंदी महासागरात धन द्विध्रुव.

म्हणजे प्रशांत महासागर तापलेला असो, निवलेला असो की मधल्या अवस्थेत असो, आमच्यावर संकट यायचं तेव्हा आलंच. यावरून कुणी म्हणेल, समुद्राचा महाराष्ट्राशी संबंधच नाही. तसं मला वाटत नाही. उलट, या चार वर्षांत वेगवेगळ्या जुळण्या आहेत. २०१९ला खालची वाट सताड उघडी होती. २०१४ला वरच्या झोताने काम केलं. २०२१ आणि २०२३ला दोन्ही वाटा एकाच वेळी एकत्र आल्या. प्रत्येक जुळणीमागे समुद्राचा वाटा वेगळा, आणि तो अंदाज बांधता येण्याजोगा आहे का, किती, हे सांगणं हे तुमचं काम. नुसतं एल निनो की ला निना एवढं नाव कळून आम्हाला काही ठरवता येत नाही.

इथे जरा बातम्यावाल्यांबद्दल बोलू द्या. दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास एक बातमी ठरलेली: 'ला निनामुळे यंदा कडाक्याची थंडी, अवकाळीचंही संकट.' तुमच्या किंवा परदेशी संस्थेच्या पत्रकातल्या एका ओळीला तिखटमीठ लावलेलं असतं. २०२४ला ही बातमी महिनोन्‌महिने फिरली. ला निना रडतखडत जानेवारीत आली, तीही अशक्त. आणि २०२५चा फेब्रुवारी देशाच्या १९०१पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण फेब्रुवारी निघाला. स्वेटरवाल्यांचं नुकसान झालं असेल, ते सोडा. पण त्या बातमीवर विसंबून ज्यांनी गव्हाचा पेरा वाढवला त्यांचं काय? यूट्यूबवरचे काही हवामान अभ्यासक तर तारखेसकट पाऊस सांगतात, तोही दोन-दोन महिने आधी. लोक त्यांच्याकडे का जातात? कारण ते मराठीत बोलतात, तालुक्याचं नाव घेतात आणि ठाम बोलतात. तुमचं पत्रक इंग्रजीत असतं, हवामान उपविभागाचं, म्हणजे कितीतरी जिल्ह्यांचं मिळून असतं आणि 'शक्यता' या शब्दाशी थांबतं. ती शक्यता खरी आहे, मला तीच हवी आहे. पण ती माझ्या भाषेत आणि माझ्या प्रश्नाला धरून असावी.

आता बर्फाकडे वळतो. माझ्यासारख्याने आर्क्टिकच्या बर्फाबद्दल लिहावं याचं हसू येईल, पण तुमचं वास्कोचं केंद्र त्यावरच काम करतं आणि त्याचे पैसे आमच्याही करातून जातात.

पाण्यावरचा बर्फ पाऊस कसा बदलतो, हे समजून घ्यायचं तर आधी जिथे साखळी आखूड आहे तिथे बघावं. अमेरिकेत बफेलो शहर आहे, एरी सरोवराच्या काठी. हिवाळ्याच्या तोंडाशी सरोवर अजून कोमट असतं, त्यावरून कॅनडाकडची कडक थंड हवा वाहते, पाण्यातली ऊब आणि बाष्प उचलते आणि पलीकडच्या काठावर बर्फ ओतते. २०२२च्या नोव्हेंबरात शहराच्या दक्षिणेकडच्या ऑर्चर्ड पार्क भागात दोन मीटरच्या आसपास बर्फ पडला, तर उत्तरेच्या वस्त्यांत त्या मानाने फारच थोडा. एरी उथळ आहे, त्यामुळे ऐन हिवाळ्यात लवकर गोठतं. एकदा वर बर्फाचं झाकण बसलं की हवेला बाष्प मिळत नाही आणि हा सगळा खेळ मंदावतो. तिथल्या माणसाला सरोवरावर बर्फ धरला की नाही एवढं पाहून हिवाळ्याचा निम्मा अंदाज येतो. कारण आणि परिणाम एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात आहेत.

आर्क्टिकमध्येही मूळ गोष्ट तीच. रशियाच्या उत्तरेला बॅरेंट्स आणि कारा समुद्र आहेत. बर्फाखालचं पाणी उणे दोन अंशांच्या आसपास, वरची हिवाळी हवा उणे वीस-तीस. बर्फ असेतो दोघांची गाठ पडत नाही. बर्फ उशिरा धरला की ते उघडं पाणी, थंड असूनही, हवेपेक्षा वीसेक अंशांनी उबदार असतं आणि आपली ऊब वर सोडत राहतं. त्यातून उरल पर्वताच्या बाजूला उच्च दाबाचा ठिय्या बसतो, सैबेरियाची थंडी दाट होते, वरच्या झोताला वळणं पडतात, आणि त्या वळणांवर पश्चिमी विक्षोभांचा मार्ग ठरतो. असं एक मत आहे. दुसरं मत असं, की वाऱ्यांची घडी आधी बदलते आणि तीच एकाच वेळी बर्फही हटवते नि थंडीही पाठवते. बर्फ हे कारण नव्हे, सोबती. संगणकी प्रतिमानं यावर एकमुखी नाहीत. बर्फ मात्र कमी होतोय यात वाद नाही. २०१२च्या सप्टेंबरात तो सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत आक्रसला, म्हणजे महाराष्ट्राच्या अकरा पट. सप्टेंबरात तेवढा कमी तो उपग्रहांच्या नोंदींत कधीच नव्हता. आणि २०२५च्या मार्चमध्ये हिवाळ्यातला त्याचा जास्तीत जास्त विस्तारही १ कोटी ४३ लाखांवर थांबला, तोही तोवरचा नीचांक.

कारा समुद्र ते निफाड हा कानगोष्टींचा खेळ आहे. प्रत्येक कानात थोडं बदलत बदलत शेवटी काय ऐकू येईल, याची खात्री पहिल्याला नसते. म्हणून 'आर्क्टिक वितळलं आणि नाशिकला गारा पडल्या' असं कुणी लिहिलं तर मी ते वाचणार नाही. पण वास्कोच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली जे मांडलं ते मी नीट वाचलं आहे: कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ घटणं आणि मध्य भारतात सप्टेंबरात होणारी अतिवृष्टी, यांत संबंध दिसतो, वाटेत युरोपवरचा वरच्या हवेतला उच्च दाब आहे आणि शेवटच्या टप्प्यात तापलेला अरबी समुद्र बाष्प पुरवतो. सप्टेंबर म्हणजे आमच्या छाटणीचा उंबरठा. माझा प्रश्न सरळ आहे. हाच तपास पुढे नेऊन नोव्हेंबर-डिसेंबरच्या द्रोण्यांचा कुणी अभ्यास करत आहे का? आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरच्या फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीत, २०१४पासून आपलं उपकरण पाण्याखाली नोंदी घेतंय, तिथल्याच 'हिमाद्री' केंद्रावर २०२३च्या डिसेंबरपासून आपली माणसं हिवाळ्यातही राहू लागली. निष्कर्ष 'संबंध सापडला नाही' असा निघाला तरी तो आम्हाला उपयोगी आहे. निदान त्या नावाने कुणी घाबरवायला आलं तर उत्तर देता येईल.

अरबी समुद्राचं मात्र तसं नाही. तो दारात आहे आणि तापतोय, हे पाषाणच्या संस्थेने वारंवार सांगितलं आहे. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. म्हणजे तीच द्रोणी, तोच विक्षोभ, पण खालून मिळणारं पाणी जास्त. माझ्या अडाणी समजुतीप्रमाणे महाराष्ट्राच्या हिवाळी अंदाजाची सुरुवात प्रशांतापासून न करता इथून व्हायला हवी.

सप्टेंबरअखेरचाच आग्रह का, तेही सांगतो. त्या सुमाराला प्रशांतातल्या एल निनो-ला निनाचा कल बऱ्यापैकी ठरलेला असतो. उन्हाळ्यात जी अनिश्चितता असते ती ओसरलेली असते. हिंदी महासागराचा द्विध्रुव शिखराकडे निघालेला असतो. आर्क्टिकचा बर्फ वर्षातल्या नीचांकावर येऊन तुमच्यासमोर मोजलेला असतो. आणि नेमकी तेव्हाच आमच्या हातात कात्री असते. एकदा छाटलं की बागेला थांबवता येत नाही, तिचं घड्याळ चालू होतं. त्याआधी कुणी सांगितलं, की यंदा नोव्हेंबरात ओल्या दिवसांचा धोका नेहमीपेक्षा थोडा जास्त आहे, तर मी सगळी बाग एका दमात छाटणार नाही. टप्पे पाडेन. एखादा प्लॉट दहा-बारा दिवस मागे ठेवेन. प्लास्टिक आच्छादनाला एकरी लाखांत पैसे जातात; ते या वर्षी घालायचे की पुढच्या, हे ठरवताना मला एक आकडा मिळेल. धोका जास्त सांगितला आणि पाऊस आलाच नाही, तर मी तुमच्या नावाने बोटं मोडणार नाही. व्यापाऱ्याने सौदा मोडल्यावर जगणारी माणसं आहोत आम्ही, शक्यता आम्हाला कळते.

त्यापुढचं काम तुम्ही आजही करता. दर गुरुवारी चार आठवड्यांचा अंदाज निघतो, तीन-चार दिवस आधीचे इशारे बऱ्याचदा बरोबर येतात, वादळाच्या मार्गाबद्दल तर तुमचा हात धरणारे थोडे. कमी पडतंय ते आधीचं पान आणि शेवटचं पान. आधीचं म्हणजे हंगामाचा अंदाज. शेवटचं म्हणजे एप्रिलमधला हिशेब: काय सांगितलं होतं, काय झालं, कुठे चुकलं. हा हिशेब तुम्ही दिलात तर तारखेसकट पाऊस सांगणाऱ्यांनाही तो मागता येईल.

आणि यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. १९०१पासूनच्या रोजच्या पावसाची, अक्षांश-रेखांशांच्या पाव-पाव अंशाच्या चौकटींत मांडलेली नोंद तुमच्या पुण्याच्या संकेतस्थळावर फुकट आहे. मी ती उतरवून घेतली. उघडली तर स्क्रीनभर चौकोन आणि चिन्हं. ती वाचायला आज्ञावली लागते, हे पुतण्याने सांगितल्यावर कळलं. ज्याला ती आज्ञावली येते अशा तुमच्याकडच्या एका मुलाने आठवडाभर बसून एवढंच काढावं: नाशिक, सांगली, सोलापूर, लातूर, नागपूर, रत्नागिरी या जिल्ह्यांत, एल निनोच्या किती हिवाळ्यांत नोव्हेंबरात ओले दिवस आले, ला निनाच्या किती, धन द्विध्रुवाच्या किती, आणि यांपैकी काहीच नसताना किती. चार स्तंभांचा तक्ता होईल. त्यात फरक दिसला तर अंदाजाला आधार मिळेल. नाही दिसला, तर निदान 'ला निना आली, बाग बुडाली' ही आवई बंद होईल. २०२४ साली देशभरातली १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं बंद करून तुम्ही तालुक्याच्या भाषेत बोलणारी माणसं कमी केलीत. त्याच वर्षी 'मिशन मौसम' या केंद्राच्या हवामान योजनेला दोन वर्षांसाठी दोन हजार कोटी मंजूर झाले. रडार हवेतच, महासंगणकही हवेत. त्या रकमेत मराठीतल्या एका तक्त्याचा खर्च कुठे दिसणारही नाही.

शिमला ऑफिसला तर हे काम परकं नाही. सर गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ या खात्याचे प्रमुख होते. हिंदुस्थानच्या पावसाचा माग काढता काढता ते जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदी मांडत बसले, आणि त्यांना प्रशांत-हिंदी महासागरांवरचा दाबाचा तो झोका सापडला, ज्याच्याशिवाय आज एल निनोची गोष्ट पुरी होत नाही. ते शोधत होते मान्सून. हिवाळ्यातल्या आमच्या पावसासाठी तसं कुणी बसलं नाही, कारण शंभर वर्षांपूर्वी निफाडात द्राक्षाचं आजच्यासारखं पीक नव्हतं आणि डिसेंबरच्या भुरभुरीने कुणाचं फारसं बिघडत नव्हतं. आता बिघडतं.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. अंदाज एका पानाचा असू द्या. उपविभागाबरोबर जिल्ह्याचं नाव घ्या. धोका जास्त, नेहमीइतका की कमी, हे पहिल्या ओळीत. समुद्र नि बर्फाची कारणं खाली, ज्याला वाचायची तो वाचेल. आणि ते पान पीडीएफ करून पाठवू नका, चित्र करून पाठवा. व्हॉट्सॲपवरची पीडीएफ आमच्या ग्रुपात कुणी उघडत नाही.

आपला,
निफाड तालुक्यातला एक द्राक्ष बागायतदार